पाळणाघरातल्या ताईंचं प्रशिक्षण: मोबाइलवर की समोरासमोर?

सिडकोत पाळणाघर चालवणाऱ्या आमच्या वहिनी अडल्यात: बालअत्याचार ओळखायला सहा जणींना व्हिडिओ दाखवावा की प्रशिक्षक बोलवावा?

खर्चात आणि वेळेत मोबाइलच बरा. मुलं झोपली की दुपारी बघता येतं. कायदाही कळतो. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तरी पॉक्सो २०१२ (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सद्भावनेनं कळवणाऱ्याला मात्र संरक्षण आहे, हे ऐकून तिथल्या मावशींचा जीव भांड्यात पडला!

पण खरी गोची पुढे. खेळताना पडलेल्या पोराला गुडघ्याला, नडगीला लागतं. कानामागे किंवा दंडाच्या आतल्या बाजूला वळ दिसला तर थबकायचं. आणि विचारायचं काय? ‘बाबांनी मारलं का?’ असं नाही, ‘हे कसं झालं?’ एवढंच. पोराचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह वहीत. ही जीभ समोर बसून, सराव करूनच वळते.

नवी ताई मध्येच रुजू झाली तर तिला व्हिडिओ आणि १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर पुरे. वहिनींसारख्या, रोज मुलांना अंघोळ घालणाऱ्या, त्यांचे कपडे बदलणाऱ्यांच्या ठिकाणी मात्र प्रशिक्षकच बोलवा, शनिवारी अर्धा दिवस पाळणाघर बंद ठेवून.