पापेल पिकादोची तोरणं: दिसायला झकास, दवापुढे हतबल

भाचीच्या ब्रायडल शॉवरला, म्हणजे लग्नाआधीच्या नवरीच्या पार्टीला, परसात मेक्सिकन थाट करायचं ठरलं आणि मी पापेल पिकादोचा, म्हणजे नक्षी कातरलेल्या कागदी पताकांचा सेट मागवला. मेक्सिकोत पुएब्ला राज्यातलं सान साल्वादोर हुइश्कोलोत्ला हे गाव या कलेसाठी ओळखलं जातं. सेटमधले गुलाबी-निळे रंग अगदी ठसठशीत, आणि कातरलेल्या पक्ष्यांची सावली गवतावर पडली की बघत राहावं.

पण कागद टिश्यूचा! आदल्या संध्याकाळीच तोरणं बांधायचा शहाणपणा मी केला. सकाळी बघते तर दवानं रंग ओघळून पांढऱ्या टेबलक्लॉथवर. उघड्यावर लावायची असतील तर प्लास्टिकचीच घ्या. जरा कडक दिसतात, पण टिकतात. सोबत आलेल्या नकली मिशा मी खोक्यातच ठेवल्या. मेक्सिकन लोकांची टिंगल कशाला करायची?

टाको काउंटरनं मात्र लाज राखली. मक्याच्या टॉर्टिया, म्हणजे पातळ पोळ्या, गरम असतानाच फडक्यात गुंडाळल्या, शेवटपर्यंत मऊ राहिल्या. आणि लाल अंबाडीच्या सुकवलेल्या बोंडांचं हामाइका सरबत दुपारीच संपलं.

पताकांना पाचपैकी तीन तारे, तेही त्या पक्ष्यांसाठी.