दांडिया बाजारातील रेकॉर्डचे दुकान: ग्लॅम रॉक आधी कानांनी पारखून घ्या

बडोद्यातील मराठी घरांच्या माळ्यांवरून जुन्या रेकॉर्ड खाली येतात, त्या बहुधा नाट्यसंगीताच्या आणि भावगीतांच्या असतात. त्यामुळे दांडिया बाजारातील या छोट्या दुकानाने सत्तरच्या दशकातील ब्रिटिश ग्लॅम रॉकसाठी एक संपूर्ण मांडणी राखून ठेवावी, याचेच आधी कौतुक वाटते. चकाकते कपडे, उंच टाचांचे बूट आणि रंगवलेले चेहरे यांमुळे या कलाकारांकडे अजूनही गंमत म्हणूनच पाहिले जाते. येथे मात्र रेकॉर्ड आधी ऐकवली जाते आणि कव्हरचे कौतुक नंतर होते.

हे ऐकवणे केवळ उपचारापुरते नाही. डेव्हिड बोवीची १९७२ची ‘झिगी स्टारडस्ट’ मागितल्यावर मालकांनी सुई पहिल्या बाजूच्या अगदी आरंभी टेकवली, कारण तेथे ड्रमचा ठेका शांततेतून हळूहळू वर येतो आणि चरा असेल तर तो त्या काही क्षणांत लपत नाही. मग त्यांनी दुसऱ्या बाजूचे शेवटचे गाणे लावले. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे या एकाच वेगाने फिरत असली, तरी केंद्राजवळ एका फेऱ्यात सुईखालून जाणारी खाच आखूड होत जाते, तेवढ्याच लांबीत आवाज अधिक दाटीने बसवलेला असतो, आणि झिजलेल्या रेकॉर्डचा आवाज नेमका तेथेच फाटू लागतो. एकट्या गिटारवर सुरू होऊन व्हायोलिनच्या ताफ्यात संपणारे ते गाणे स्वच्छ वाजले, तेव्हा मी पैसे काढले. त्या व्हायोलिनची रचना करणारा मिक रॉन्सन हा निव्वळ बोवीच्या बाजूला उभा राहणारा देखणा गिटारवादक नव्हता, हेही अशा ऐकण्यातूनच पटते. ही रेकॉर्ड पूर्ण आवाजात वाजवावी, अशी सूचना कव्हरच्या मागे छापलेली आहे. वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडाचा विचार करून ती येथे निम्मीच पाळली जाते.

क्वीन या बँडच्या १९७५च्या ‘अ नाइट ॲट दि ऑपेरा’ची परीक्षा याहून कठीण आहे. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ दुसऱ्या बाजूच्या शेवटाकडे येते, आणि बँडमधील तिघांनी आवाजावर आवाज चढवून उभे केलेले त्यातील कोरस केंद्राजवळच्या त्याच अरुंद जागेत कोरलेले आहेत. मला दाखवलेल्या प्रतीत ते गढूळ झाले होते, आणि ती घेऊ नका, असे मालकांनीच सांगितले. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचे मूळ आडनाव बुलसारा. ते ज्या वलसाडवरून (जुने नाव बुलसार) आले ते गाव येथून रेल्वेच्या वाटेवरच आहे, त्यामुळे की काय, क्वीनच्या रेकॉर्ड येथे सर्वांत पुढे असतात. टी. रेक्सची १९७१ची ‘इलेक्ट्रिक वॉरियर’ मात्र मागे दडलेली होती. त्या बँडचा गायक मार्क बोलन डोळ्यांखाली चमकी लावून टीव्हीवर गाईपर्यंत या साऱ्या प्रकाराला तोंडच फुटले नव्हते, हे लक्षात घेता हा क्रम मला मान्य नाही. ऐंशीच्या दशकातील अमेरिकन मेटल बँडही याच मांडणीत कोंबले आहेत. केसांचा फुगारा सोडला तर त्यांचे येथे फारसे काम नाही.

खरी तक्रार साठवणुकीची आहे. बऱ्याच रेकॉर्ड पीव्हीसीच्या मऊ पिशव्यांत ठेवल्या आहेत, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात त्या पिशव्या तबकडीला चिकटून पृष्ठभागावर धुरकट डाग पाडतात. काही रेकॉर्ड तिरक्या टेकवून ठेवल्याने वाकल्याही आहेत. विकत घेतलेली रेकॉर्ड कागदी लिफाफ्यात मागून घ्यावी. तो विनामूल्य मिळतो.

किमती १५०० ते ३५०० रुपयांच्या दरम्यान आहेत, घासाघीस चालत नाही, आणि दुपारी दुकान बंद असते. घेतलेली रेकॉर्ड आठवडाभरात परत करता येते, पण ती न ऐकता घेतलेली असेल तरच.