लोकवर्गणीचे 60 हजार: स्मार्ट टीव्ही की वाचनवर्ग?

गावानं वर्गणी केली, नोकरीला लागलेल्या माजी विद्यार्थ्यांनी भर घातली आणि जिल्हा परिषद शाळेसाठी साठेक हजार जमले. बीड, जालना, धाराशिवकडच्या वाडी-तांड्यांवर असं बरेचदा होतं. आता समितीच्या बैठकीत दोन मतं पडतात. एक म्हणतं वर्गात स्मार्ट टीव्ही लावा. दुसरं म्हणतं गावातल्याच शिकलेल्या मुलीला मानधन द्या आणि मागं पडलेल्या पोरांचा वाचन-गणिताचा वर्ग चालवा. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात, म्हणजे हे तुम्हालाच ठरवायचं आहे. माझं मत वाचनवर्गाच्या बाजूनं आहे. का, ते सांगतो.

आधी पैशाचं. टीव्ही, इन्व्हर्टर, बॅटरी, वायरिंग धरलं की साठ हजारांतलं फारसं उरत नाही. खर्च एकदाच, ही टीव्हीची जमेची बाजू. पण काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते आणि बिल थकलं की वीज तुटते. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून मिळणारं संयुक्त शाळा अनुदान 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाला 25,000 रुपये. त्यातच बिल, खडू, दुरुस्ती सगळं भागवायचं. वाचनवर्गाचं गणित उलटं आहे: महिना 3,000 मानधन धरलं तर 10 महिन्यांचे 30,000, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच. साठ हजारांत दोन वर्षं निघतात, तिसऱ्या वर्षी परत झोळी फिरवावी लागते. ही अडचण खरी आहे, ती बैठकीत लपवू नका.

आता शिकण्याचं. चौथी-पाचवीच्या कुठल्याही वर्गात 42 वजा 17 फळ्यावर लिहून द्या. दोन-चार पाट्यांवर हमखास 35 येतं. पोरानं दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन वजा केलेले असतात. त्याला वजाबाकी येते, दशक सुट्टा करणं कुणी शेजारी बसून दाखवलेलं नसतं. टीव्हीवरचा धडा पाचवीच्या भागाकाराचा असतो, तो याच्या डोक्यावरून जातो. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे घेऊन एकानं अर्धा तास बसलं की गाठ सुटायला लागते. वाचनाचं तसंच. ग्रामीण मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या 2024 च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधल्या पाचवीच्या फक्त 44.8 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला.

इयत्ता बाजूला ठेवून मुलाला जे येतं तिथून शिकवायचं, ही पद्धत ‘प्रथम’ संस्थेनं रुजवली. मुंबई आणि बडोद्याच्या शाळांत मागं पडलेल्या मुलांना असं शिकवायला वस्तीतल्याच तरुणी, म्हणजे ‘बालसखी’, नेमल्या होत्या. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. याउलट पेरू देशात मुलांना लॅपटॉप वाटले, तिथं गणित आणि भाषेत फरक पडलेला आढळला नाही. पण दिल्लीत मुलाच्या पातळीप्रमाणे प्रश्न बदलणाऱ्या संगणक-कार्यक्रमानं चांगला परिणाम दिला, हेही खरं. म्हणजे पडद्याशी वैर नाही. सगळ्या वर्गाला एकच धडा दाखवणारा टीव्ही मात्र ते काम करत नाही.

आपल्याकडं आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या लेखी निकाल तिथंच लागतो. दिवाळी झाली की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली कुटुंबं कोयता घेऊन साखर कारखान्यावर ऊसतोडीला जातात. अशा मुलांसाठी गावात चालणाऱ्या हंगामी वसतिगृहात सगळीच लेकरं थांबत नाहीत; धाकटी भावंडं सांभाळायला थोरली पोर आई-बापाबरोबर जाते. ती परतते तेव्हा वर्ग बराच पुढं गेलेला असतो. टीव्ही तिच्यासाठी थांबत नाही. उत्तर प्रदेशात 10 किंवा 20 दिवसांची छोटी वाचन-शिबिरं घेतली, तेव्हा परिच्छेद किंवा गोष्ट वाचू शकणारी मुलं शिबिर नसलेल्या शाळांच्या जवळपास दुप्पट निघाली. तसंच दिवाळीआधी एक शिबिर आणि टोळ्या परतल्यावर एक, असं मानधन विभागता येतं. अशानं पैसेही जास्त वर्षं पुरतात.

टीव्हीच्या बाजूचा एक मुद्दा मात्र हलका नाही: पट. तालुक्याच्या इंग्रजी शाळेची व्हॅन दारात येते तेव्हा आई-बापाला आपल्या शाळेतही काहीतरी दिसायला हवं असतं. सहावी ते आठवीच्या विज्ञानाला, इंग्रजी कानावर पडायला टीव्ही उपयोगीही आहे.

म्हणून खरेदीआधी एक करा. जूनमध्ये तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला समितीसमोर दुसरीचं पुस्तक वाचायला द्या आणि हातच्याची एक वजाबाकी घाला. एकेका मुलाला पाच मिनिटं लागतात. बहुतेकांना जमलं तर खुशाल टीव्ही घ्या, इन्व्हर्टरसकट, आणि दुरुस्तीची हमी बिलावर लिहून घ्या. नाही जमलं तर वर्ग सुरू करा. मुख्याध्यापकांशी बोलून वेळापत्रकात रोज एक ठरलेला तास त्यासाठी मोकळा करून घ्या. बिहारमध्ये शिक्षकांना याच पद्धतीचं प्रशिक्षण आणि साहित्य देऊनही नेहमीच्या तासांत फरक पडला नव्हता. हरियाणात वेगळा तास राखला आणि त्यावर देखरेख ठेवली, तेव्हा वाचन सुधारलं.