इमारत नकाशावर चढवताना: रूप धरायचं की वापर?

ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे स्वयंसेवक मिळून बनवतात त्या खुल्या नकाशावर, इमारतीची बाह्यरेषा आखून झाली की ‘बिल्डिंग’ टॅगपाशी, म्हणजे इमारतीचा प्रकार लिहायच्या रकान्यापाशी, हात थांबतो. इमारत दिसते तशी नोंदवायची, की आज तिथे जे चालतं ते लिहायचं?

वापराची बाजू लंगडी मुळीच नाही. आपत्तीच्या वेळी रात्री कुठे किती माणसं असतील याचा अंदाज बांधणाऱ्याला, जुन्या गोदामात आता वसतिगृह आहे हे कळलंच पाहिजे. शिवाय काचेची चौकोनी इमारत कार्यालयासाठी बांधली की हॉटेलसाठी, हे नुसतं बघून जाणत्यालाही सांगता येत नाही. तिथे दारावरच्या पाटीवरच भिस्त ठेवावी लागते.

तरीही मी रूपाकडे झुकलो ते एका त्रासापायी. वापर बदलतो आणि नकाशाला ते कोणी कळवत नाही. मी ज्या भागाच्या नोंदी सांभाळतो तिथे एक गोदाम आहे. उंच पत्र्याचं छप्पर, ट्रक आत जाईल एवढं रुंद शटर, पुढे माल उतरवायचा ओटा. तिथे व्यायामशाळा आली तेव्हा कोणीतरी ‘गोदाम’ पुसून तसं लिहिलं. पुढे फर्निचरचं दुकान आलं, पण नकाशात व्यायामशाळाच राहिली. जागा रिकामी झाल्यावर आणखी कोणी नुसतं ‘येस’ करून ठेवलं, म्हणजे इमारत आहे, एवढंच. ओटा, शटर, छप्पर सगळं जागच्या जागी, आणि नकाशातून मात्र गोदाम गायब. हे मला फार लागलं. तळाला दुकानं, मधे दवाखाना आणि वर घरं असली, तर वापरासाठी एक शब्द पुरतही नाही.

पॅरिसचं ओर्से १९०० साली रेल्वे स्थानक म्हणून उघडलं; १९८६पासून तिथे संग्रहालय आहे. कमानदार छत आणि मोठी घड्याळं अजून स्थानकाचीच. ‘बिल्डिंग’मध्ये स्थानक आणि ‘टुरिझम’ या वेगळ्या टॅगमध्ये संग्रहालय लिहिलं, की दोन्ही नोंदी खऱ्या. ओपनस्ट्रीटमॅपचा संकेतही साधारण हाच आहे: ‘बिल्डिंग’मध्ये बांधणी, आजच्या वापरासाठी ‘बिल्डिंग:यूज’, आणि दुकान-दवाखान्यासाठी आत वेगळे बिंदू.

एकदाच करायची पाहणी असेल, तर वापरावरची वर्गवारी कदाचित सोयीची पडेल. पण नोंदी वर्षानुवर्षं टिकवायच्या असतील तर मी आधी रूप भरेन. शटर बुजवून, नव्या खिडक्या काढून, आत मजले घालून घरंच केली असतील, तेव्हाच ‘गोदाम’ काढेन.