एग बॉयलर: ओट्यावर न चढणाऱ्या अंड्यांची सोय

तुमच्या घरात गॅसवर अंडी उकडायला कुणाची हरकत नसेल तर हे मशीन घेऊ नका. पातेल्यात पाणी, त्यात अंडी, दहा-बारा मिनिटं, झालं काम. मशीनलाही वेळ तेवढाच लागतो. पण आमच्यासारखी गत असेल, म्हणजे ओट्यावर अंडं चढत नाही आणि सकाळी सातच्या आत घर सोडायचं असतं, तर साडेचारशे रुपयांत याहून कामाची वस्तू मला सोलापूरच्या नवी पेठेत दिसलेली नाही.

आमच्याकडे आईचा नियम साधा आहे. घरात कुणी अंडं खाल्लं तर तिला वावडं नाही, पण स्वयंपाकघरात ते शिजायचं नाही. तिची भांडी वेगळी, ओटा वेगळा. त्यामुळे इतकी वर्षं अंडं म्हणजे चौकातल्या गाडीवरचं ऑम्लेट-पाव, तेही तेलात पोहणारं. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. सकाळी पोहे खाऊन गेलो की साडेदहाला पोटात कावळे ओरडायचे, मग चहा आणि खारी, पुन्हा चहा. डॉक्टरांनी साखर सीमेवर आहे असं सांगितल्यावर बायकोने पोहे-उपमा बंद केला आणि म्हणाली, "अहो, ते प्रोटीन प्रोटीन सगळे म्हणतात, त्याचं काहीतरी बघा की." पावडरचे डबे बघितले. किंमत वाचून परत फळीवर ठेवले.

मशीनचं आता. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्याला अर्थ नाही. दुकानात तीन वेगवेगळ्या नावांची खोकी होती आणि आतला माल डोळे मिटून सांगावा इतका सारखा. खाली तापणारी गोल तबकडी, तिच्यावर सात अंडी उभी राहतील अशी भोकांची जाळी, वर पारदर्शक झाकण, आणि एक प्लॅस्टिकचं माप. या मापाच्या बुडाला पिन असते. अंड्याच्या बोथट टोकाला आत हवेची पोकळी असते, तिथे पिनेने बारीक भोक पाडायचं आणि ते टोक वर करून अंडं जाळीत ठेवायचं. हवा तापून फुगली की तिला बाहेर पडायला वाट मिळते.

खरी गंमत मापात आहे. त्याच्यावर खुणा असतात: मऊ, मध्यम, कडक, आणि प्रत्येकीखाली अंड्यांची संख्या. नीट बघितलं तर अंडी जास्त असतील तेव्हा पाणी कमी घालायला सांगितलेलं असतं. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "मालक, छापताना उलटं झालं असंल." उलटं काही झालेलं नाही. मशीनमध्ये घड्याळ नसतंच, पाणी हेच घड्याळ. तबकडीवरचं पाणी संपलं की तिचं तापमान एकदम चढतं आणि आतला थर्मोस्टॅट वीज तोडतो. अंडी थंड असतात, त्यांच्यावर वाफेचं पाणी होतं आणि ते परत तबकडीवर ठिबकतं. जितकी अंडी जास्त, तितकं पाणी फिरून फिरून खाली येतं आणि जास्त वेळ टिकतं. म्हणून सुरुवातीला कमी घालायचं. हे कळलं की माप बाजूला ठेवून आपल्या अंदाजाने चालता येतं. फ्रिजमधून काढलेली अंडी असतील तर चमचाभर फरक पडतो, तो आपोआप हाताला कळत जातो.

कडकच्या खुणेइतकं पाणी घातलं की दोन-तीन अंड्यांना ते जास्तच होतं. पिवळ्याभोवती हिरवट-करडं कडं येतं. ते विष वगैरे काही नाही. पिवळ्यातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक जास्त उष्णतेने एकत्र येतं, त्याचा तो रंग. पण बलक कोरडा भुगा होतो आणि घशाखाली पाण्याशिवाय उतरत नाही. मी मध्यम आणि कडक यांच्या मधोमध पाणी घालतो. बलक भिजल्या मातीसारखा मऊ राहतो, वाहत नाही.

सोलण्याबद्दल. ताजी अंडी सोलताना पांढरं टरफलाला चिकटून निघतं, मशीन कितीही भारी असो. अंडं जुनं होत जातं तसा आतला कार्बन डायऑक्साइड टरफलाच्या बारीक छिद्रांतून निघून जातो, पांढरं अल्कधर्मी होतं आणि पापुद्रा सुटतो. म्हणून ट्रे आणला की आधी जुनी संपवायची, नवी चार-पाच दिवस मागे ठेवायची. वाफेत एकदम गरम झाल्यानेही सोलायला बरं पडतं, पातेल्यात गार पाण्यापासून उकडलेल्यांपेक्षा नक्कीच. मशीन बंद झालं की अंडी लगेच गार पाण्यात टाकायची. आणि सोलापुरात एप्रिल-मेमध्ये हे नळाच्या पाण्याने होत नाही. टाकीतलं पाणी सकाळी सहालाही कोमट असतं. माठातलं पाणी घ्या.

आमची रचना अशी: मशीन हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूच्या प्लगवर, खाली जुनं ताट. उठलो की पाणी घालून बटण दाबायचं आणि आंघोळीला जायचं. बाहेर येईपर्यंत झालेलं असतं. लक्ष ठेवायला लागत नाही, उतू जात नाही, बायकोचा गॅस अडकत नाही. तिथे तिच्या भाकरी आणि मुलीचा डबा चालू असतो. मशीनच्या बुडाशी 360 वॅट लिहिलंय. बारा मिनिटं चाललं तर पाऊण दशांश युनिटही होत नाही, म्हणजे एका युनिटमध्ये तेरा-चौदा वेळा अंडी उकडतात. आईने पहिले दोन दिवस लांबून बघितलं, मग म्हणाली, "तिथंच राहू दे ते. इकडं आणू नकोस."

तीन अंडी मी दोऱ्याने कापतो. कारखान्यातला सुती दोरा घरी असतोच. दोरा ताणून अंड्यातून ओढला की चाकूला चिकटतो तसा बलक चिकटत नाही, गोल चकत्या स्वच्छ पडतात. खाली कडक भाकरी हाताने मोडून, वर चकत्या, त्याच्यावर शेंगाची चटणी आणि बारीक कांदा, बाजूला दह्याची वाटी. चटणी कुटलेलीच पाहिजे, तेल सुटलेली. मिक्सरमधून फिरवलेला लाल भुगा ही शेंगाची चटणी नव्हे, मग पाकिटावर सोलापुरी म्हणून कितीही ठळक छापलेलं असो. कडक भाकरीचा फायदा असा की ती आधीच तयार असते, डब्यात आठवडाभर आरामात राहते. सकाळी शिजवायचं असं फक्त अंडंच उरतं.

आता हिशोब, कारण प्रोटीनच्या नावाखाली लोक काहीही सांगतात. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रोटीन, तिन्हीत 18. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला 25 च्या आसपास, म्हणजे दोन मोठे चमचे चटणी खाल्ली तर पाचेक ग्रॅम. ज्वारीत शंभर ग्रॅमला दहा, एका भाकरीत पाच. दह्याच्या वाटीत तीन-चार. झाले तीसच्या वर. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2020 च्या शिफारशीत मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रोटीन सांगितलंय. माझं वजन 72, म्हणजे साठ ग्रॅम. निम्मं सकाळी सातच्या आत पोटात. पोह्याच्या बशीत, वरून मूठभर शेंगदाणे टाकले तरी, सात-आठच्या पुढे जात नाही. चटणीत तेल आहे हे मला माहीत आहे. म्हणून दोन चमचे, वाटीभर नाही.

भाचा तालमीत जातो. तो दुधात कच्ची अंडी फोडून पितो. त्याला सांगून दमलो की कच्च्या अंड्यातलं प्रोटीन शिजवलेल्याइतकं अंगी लागत नाही, आणि कच्च्यात साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची भीती असते ती वेगळीच. "मामा, वस्ताद पण असंच पितात की." वस्तादांपुढे आपलं काय चालणार? आता तो रविवारी येतो आणि सातच्या सात उकडलेली खाऊन जातो, तेवढं बरं.

तक्रारी आहेत. पहिली आणि मोठी: घंटा नाही. पाणी संपलं की दिवा विझतो, एवढंच. आणि बटण आपण बंद केलं नाही तर तबकडी निवल्यावर थर्मोस्टॅट पुन्हा वीज जोडतो आणि कोरडी तबकडी परत तापायला लागते. आंघोळीला जाणाऱ्या माणसासाठी हे बरं नाही. थोडे जास्त पैसे घालून घंटीवालं मिळत असेल तर तेच घ्या. दुसरी: बोअरच्या पाण्याने तबकडीवर पांढरा थर धरतो, आणि पिनेच्या भोकातून कधी थोडं पांढरं गळून तिथेच तपकिरी जळतं. लिंबू पिळलेलं पाणी अर्धा तास ठेवून ओल्या फडक्याने पुसलं की निघतं. खालचा भाग नळाखाली धरायचा नाही, आत वायरी आहेत. पिण्याचं पाणी वापरलं तर थर फारच कमी येतो, पण पाणी चार दिवसांआड येणाऱ्या गल्लीत ते सांगायला मला जड जातं. तिसरी: लाईट गेली की नाष्टा गेला.

जाळीबरोबर एक उथळ वाटी येते, ऑम्लेटसाठी. त्यात ऑम्लेट होत नाही, खरवसासारखं काहीतरी थरथरीत होतं. मुलीला तेच आवडतं. कांदा, कोथिंबीर, मीठ, हळद घालून फेटलेली दोन अंडी, वाटीला तेलाचं बोट. बायकोने एकदा त्या वाटीत मोडाची मटकी वाफवू या म्हणून सुचवलं. आईने बघितलं फक्त, बोलली नाही. विषय संपला.

सोमवारी आमच्याकडे अंडं नाही. सिद्धेश्वराचा वार. ती एनईसीसीची, म्हणजे अंडी उत्पादकांच्या संस्थेची, जुनी जाहिरात सोमवारीसुद्धा अंडं खायला सांगायची, पण ती बनवणारे सोलापूरचे नव्हते. त्या दिवशी आदल्या रात्री भिजवलेले मूग, आलं-मिरची-जिरं घालून मिक्सरमधून काढायचे आणि धिरडी टाकायची. वाटीभर कोरड्या मुगाची दोघांना पुरतात, प्रोटीन चांगलं पडतं, पण तव्यासमोर कुणीतरी उभं राहावं लागतं आणि ती बायको असते. म्हणून रोज धिरडी असं मी म्हणत नाही, म्हटलं तर उलथनं माझ्याच हातात येईल. श्रावणात महिनाभर मशीन कपाटात जातं.

घ्यायला गेलात तर दुकानातच पाणी घालून चालू करून दाखवायला सांगा, अंडी नसली तरी चालतात. पाणी आटून दिवा विझतोय का ते समोर बघा. झाकणाच्या कडेला चीर नाही ना ते उजेडात धरून तपासा, कारण नुसतं झाकण वेगळं मिळत नाही. बिलावर शिक्का मारून घ्या. आणि मापाच्या पिनेवर टोपण असतं, ते पहिल्या दिवशीच मापाला चिकटपट्टीने लावून टाका, नाहीतर रात्री अंधारात मांडणीवर हात फिरवणाऱ्याच्या बोटात पिन जाते.