लसूण, हळद की तयार अर्क? कोळंबीच्या खाद्यातील मसाल्यांची तुलना

कोकणातील खाजणांमध्ये वेनामी जातीच्या कोळंबीचे संवर्धन करणाऱ्यांपुढे आज प्रतिजैविकांचा मार्ग उरलेला नाही. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांच्या वापरावर बंदी आहे आणि निर्यातीचा माल अवशेषांच्या चाचणीतून जातो. युरोपीय संघाने तर २०१६ मध्ये भारतीय संवर्धित कोळंबीच्या तपासणीचे प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले. त्यामुळे मसाल्यांकडे लक्ष वळणे स्वाभाविक आहे. मात्र निवड करताना कोणता मसाला गुणकारी यापेक्षा तो कोणत्या रूपात कोळंबीच्या आतड्यापर्यंत पोहोचतो, हे आधी पाहावे.

कोळंबी खाद्याची गोळी गिळत नाही. पायांत धरून ती कुरतडत राहते आणि तोवर गोळी पाण्यात भिजत असते. लसणाची अडचण इथेच येते. लसूण ठेचल्यावर त्यातील विकराच्या (एन्झाइमच्या) क्रियेने ॲलिसिन तयार होते आणि जिवाणूंना रोखण्याचा गुण मुख्यतः त्याच्याकडे असतो. परंतु हे द्रव्य टिकाऊ नाही, उष्णतेने लवकर नष्ट होते आणि काही अंशी पाण्यातही उतरते. म्हणून कारखान्यात वाफेवर तयार होणाऱ्या गोळीत लसूण घालण्यापेक्षा ताजा ठेचा तळ्यावरच तयार खाद्याला चोळावा, वरून माशाच्या तेलाचा किंवा बाइंडरचा (चिकटून राहणाऱ्या द्रव्याचा) थर द्यावा आणि सावलीत सुकवून त्याच दिवशी वापरावा. मेहनत अधिक आहे, पण लहान तळ्यासाठी हाच पर्याय मला सर्वांत व्यवहार्य वाटतो.

हळदीचे नेमके उलट आहे. तिच्यातील मुख्य गुणकारी द्रव्य, कुर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे ते गोळीवरून सहसा धुऊन जात नाही. पण त्याच कारणाने ते आतड्यातून शोषलेही कमी जाते. शिवाय हळदीच्या भुकटीत ते सुमारे ३ ते ५ टक्केच असते, म्हणजे परिणामकारक मात्रेसाठी पुष्कळ भुकटी घालावी लागते आणि खाद्यातील प्रथिनांचे प्रमाण त्या मानाने घटते. हळद वापरायचीच असेल, तर तेलात मिसळणारे ओलिओरेझिन (हळदीचा घट्ट अर्क) घ्यावे; त्यात कुर्क्युमिन कितीतरी पटींनी अधिक असते. रंग उजळ दिसावा म्हणून शिशाचे क्रोमेट मिसळलेली सुटी हळद तर तळ्याच्या आसपासही नको.

लवंग, दालचिनी आणि ओवा यांची तेले तीव्र असतात. लवंगेतील युजेनॉल माशांना भूल देण्यासाठीही वापरले जाते, हे लक्षात घेतले म्हणजे मात्रेचा हात आखडता का ठेवायचा ते कळते. वास उग्र झाला, तर कोळंबी खाद्याला तोंडही लावत नाही. आवरणबंद स्वरूपातील तेले हा दोष बऱ्याच अंशी टाळतात, पण किंमत वाढते. मोठ्या प्रकल्पाला ती परवडेल.

कोळंबीला रोग करणाऱ्या व्हायब्रिओ जिवाणूंचा उपद्रव आटोक्यात ठेवण्यास यांपैकी काही अर्क साहाय्य करू शकतात. पांढरे ठिपके रोगाच्या विषाणूवर मात्र हा उपाय नव्हे, तिथे तपासलेले बियाणे (कोळंबीची पिल्ले) आणि तळ्याची जैवसुरक्षा, म्हणजे रोग आत येऊ न देण्याची काळजीच लागते. कोणताही अर्क आधी एकाच तळ्यात द्यावा, शेजारचे तळे साध्या खाद्यावर ठेवावे आणि चेक ट्रेमध्ये (खाद्य किती खाल्ले ते पाहण्यासाठी तळ्यात ठेवलेल्या तबकात) उरणारे खाद्य, आतड्याचा रंग व आठवड्याची वजनवाढ यांची दोन्हीकडे नोंद ठेवावी. बाजारातील तयार अर्क घेताना विक्रेत्याकडे त्या बॅचचा प्रतिजैविकमुक्त असल्याचा चाचणी अहवाल मागावा आणि तो न मिळाल्यास माल परत करावा, कारण ‘वनौषधी’ असे छापलेल्या डब्यात काय मिसळले आहे, हे निर्यातीच्या चाचणीत उघड झाले तर नुकसान शेतकऱ्याच्याच माथी येते.