कॅन्सर संशोधनातला रुग्ण-नातेवाईक सल्लागार गट: दोन वर्षांनंतर माझं मत

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर ह्यांना सहा महिने किमो होती. ती संपून वर्ष झालं आणि त्याच केंद्रातून फोन आला. नव्या ट्रायल, म्हणजे पेशंटवर होणाऱ्या उपचारांच्या चाचण्या, आखताना सल्ला द्यायला पेशंट आणि नातेवाईकांचा एक गट केलाय, याल का? ह्यांना त्या इमारतीत परत पाऊल टाकायचं नव्हतं. मी गेले. दोन वर्षांत आठ बैठका झाल्या. तुम्हाला असं बोलावणं आलं तर जावं की नाही, यासाठी हे लिहितेय. केंद्राचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. माझं उत्तर मात्र आधीच सांगते: जावं.

सुरुवातीचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण फार चांगलं होतं. ट्रायलमध्ये कुणाला कोणतं औषध हे डॉक्टर न ठरवता चिठ्ठी टाकल्यासारखं का ठरवतात, हे मला तिथे पहिल्यांदा नीट कळलं. डॉक्टरांनी निवडलं तर धडधाकट पेशंट एकाच बाजूला जमतील आणि औषधाचा गुण कळणारच नाही. उदाहरण नेमकं आमच्या आजाराचं निघालं. तिसऱ्या टप्प्याच्या आतड्याच्या कॅन्सरला किमो सहा महिने लागते की तीन पुरतात, हे बघायला सहा ट्रायलमधल्या १२,८३४ पेशंटची माहिती एकत्र तपासली होती. निकाल २०१८ मध्ये आला. कमी जोखमीच्या पेशंटना ठरावीक औषधजोडी दिली तर तीन महिने जवळजवळ तेवढेच पुरतात. नसांचा त्रास, म्हणजे हातापायांच्या मुंग्या आणि बधिरपणा, मात्र कितीतरी कमी. फोलफॉक्स नावाची किमो घेणाऱ्यांत मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास सहा महिन्यांत सुमारे ४८ टक्क्यांना, तीन महिन्यांत सुमारे १७ टक्क्यांना. ह्यांचा आजार जास्त जोखमीचा, म्हणून सहा महिने लागले. ते आकडे बघताना मला ह्यांची बोटं दिसत होती.

तिसऱ्या बैठकीत ह्यांच्या किमोतल्या औषधाच्याच जातीच्या औषधाची ट्रायल चर्चेला आली. माहितीपत्रकात एक ओळ होती, ‘हातापायांना मुंग्या येऊ शकतात.’ मी म्हटलं, याने काही कळत नाही. थंड पाण्याचा पेला हातात धरवत नाही, शर्टाची बटणं लागत नाहीत, कुलपात किल्ली फिरत नाही, असं लिहा. किमो थांबल्यावरही काही महिने हे वाढू शकतं, तेही लिहा, नाहीतर माणसाला वाटतं आजार उलटला. त्यांनी लिहिलं.

मग फॉर्मचा विषय निघाला. कॅन्सरच्या ट्रायलमध्ये क्यूएलक्यू-सी३० नावाची ३० प्रश्नांची प्रश्नावली फार वापरतात आणि तिचे बहुतेक प्रश्न ‘गेल्या आठवड्यात’ काय झालं असं विचारतात. ती भरायची होती पुढच्या सायकलच्या, म्हणजे किमोच्या पुढच्या फेरीच्या, दिवशी. आमची सायकल चौदा दिवसांची. ह्यांचे वाईट दिवस दुसरा, तिसरा, चौथा. चौदाव्या दिवशी गेल्या आठवड्याचं विचारलं की ते दिवस हिशोबात येतच नाहीत! आणि आणखी एक गोष्ट होती, ती बोलायला मला धीर गोळा करावा लागला. डॉक्टरांनी विचारलं की हे ‘ठीक आहे’ म्हणायचे. खरं सांगितलं तर औषध कमी करतील, ही भीती. बटणं मी लावून देत होते, म्हणून मला माहीत होतं. फाईलमध्ये ते कुठेच नाही.

मुख्य संशोधक डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. आता त्या ट्रायलमध्ये पाचव्या दिवशी घरून भरायचा एक फॉर्म वाढवलाय, आणि त्रास जास्त दिसला तर नर्सला लगेच कळतं. हे नुसतं मन राखायला नाही. अमेरिकेत ७६६ पेशंटच्या एका ट्रायलमध्ये, किमो चालू असताना आपली लक्षणं ऑनलाइन कळवत राहणारे पेशंट नेहमीच्या पद्धतीने तपासलेल्यांपेक्षा जास्त जगले. त्यांच्यातले निम्मे पेशंट ३१.२ महिन्यांहून जास्त जगले, दुसऱ्या गटातले निम्मे २६ महिन्यांहून जास्त. निकाल २०१७ चा आहे.

आता तक्रारी. पाचव्या बैठकीतली ट्रायल आमच्याकडे आली तेव्हा मंजुरी झालेली, निधी आलेला, मुख्य प्रश्न पक्का. आम्ही शब्द सुधारून दिले, दुसरं काही हातात नव्हतं. याचा मला मनापासून राग आला. ब्रिटनमध्ये जेम्स लिंड अलायन्स २००४ पासून पेशंट, त्यांची काळजी घेणारे आणि डॉक्टर यांना एकत्र बसवते. संशोधन कोणत्या प्रश्नांवर व्हावं, हे त्यातून ठरवतात. म्हणजे हे करता येतं. दुसरं, आमच्या सूचनांचं काय झालं ते पाच महिने कुणी कळवलं नाही. मीच दोनदा विचारलं. आणि घरच्या माणसाची झोप, नोकरी, पाठदुखी यांवर अजून एकाही ट्रायलमध्ये प्रश्न नाही. मी दर वेळी मांडते, दर वेळी ‘पुढच्या वेळी बघू’.

एक गोष्ट मात्र मी विसरणार नाही. सहाव्या बैठकीआधी गटातल्या एक ताई गेल्या. समन्वयक मुलीने आम्हा प्रत्येकाला स्वतः फोन केला, कुणाला यायचं नसेल तर चालेल म्हणाली. सगळे आले. पहिली पंधरा मिनिटं कागद उघडले नाहीत.

तुम्ही जाणार असाल तर आधी तीन गोष्टी विचारा. ट्रायलचा प्रश्न ठरायच्या आधी बोलावणार का, आमच्या सूचनांचं काय झालं ते लेखी कळवणार का, आणि उपचार चालू असलेल्यांना घरून भाग घेता येईल का. गटात आपण एकटेच नाही ना, हेही बघा. पंधरा डॉक्टरांसमोर एकट्याचा आवाज फुटत नाही.

पाचव्या दिवसाच्या फॉर्मची छापील प्रत मी घरी आणली होती. ह्यांनी ती चष्मा लावून पूर्ण वाचली आणि म्हणाले, ‘यात गिळताना घशात काटे टोचतात ते कुठंय?’ ते मलाही माहीत नव्हतं. नवव्या बैठकीला हेही येणार आहेत.